हात कुणी बदलत नाही

९ जानेवारी, शुक्रवार

बाबांनी आज चहा कपाबाहेर ओतला. थोडासा नाही, बशी भरून टेबलावर आला. आणि ओततच राहिले! मी ओरडले तेव्हा थांबले. "तुझ्या किटलीचं तोंड वाकडं आहे," म्हणाले.

किटली नवीन आहे. तोंड सरळ आहे.

श्यामला सांगितलं नाही. नवऱ्याला सगळंच सांगायला हवं असं नाही. फक्त इथे लिहून ठेवते.

११ जानेवारी, रविवार

सकाळी अल गराफाला, अफशांकडे. अबू हमद यांच्या चित्रसंग्रहाचं सगळं तीच बघते. हे गृहस्थ तरुणपणी अमेरिकेत शिकायला होते. तिथल्या जुन्या बाजारांतून त्यांनी एकच गोष्ट जमवली: राष्ट्राध्यक्षांची कोरून छापलेली चित्रं. शपथविधी, मंत्रिमंडळाच्या बैठका, मेजवान्या, बायकोमुलांसह दिवाणखान्यात, शेवटी मरणाच्या पलंगावर. वर्तमानपत्रांत फोटो छापता येत नव्हते, त्या काळातली. हा दोह्याचा माणूस, आणि आयुष्यभर दुसऱ्याच देशाचे पुढारी जमवतोय! पण मी तरी काय, इथे दोह्यातच मन्सूरात बसून दिवाळी अंकांसाठी कोकणातल्या गोष्टी लिहिते. मी कोकणातली नाहीसुद्धा.

फेब्रुवारीत, रमजानच्या आधी, त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, प्रदर्शन. एकसष्ट चित्रं. प्रत्येकाखाली चार ओळी मी लिहायच्या, इंग्रजीत. "शैलजा, तुम राइटर हो. इन बुड्ढों में थोड़ी जान डालो," अफशां म्हणाली.

घरी बघायला तिने जादा प्रतींची फाइल दिली. डाग पडलेल्या, कोपरे फाटलेल्या. "एक्स्ट्रा है, मतलब पराठे के नीचे मत बिछाना!"

नावं लक्षात राहत नाहीत. मी त्यांना कल्लेवाले, टकलू, दाढीवाले असं म्हणते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ नाशिकहून बाबांनीच आणला होता, नोव्हेंबरात आले तेव्हाच! "तिथे मिळणार नाही." मन्सूरात चार दुकानांत मिळतो. असो.

दुपारी फाइल टेबलावर पसरून बसले होते. बाबा शेजारी येऊन बसले आणि सरळ चित्रावर अंगठा फिरवायला लागले. मी हात बाजूला केला. "बाबा, हात लावायचा नसतो याला."

"हे लाकूड," म्हणाले. दुसऱ्यावर अंगठा. "हेही लाकूड." तिसऱ्यावर जरा थांबले. "हे पोलाद."

बरोबर! मागे पेन्सिलीने तसंच लिहिलंय. वर्तमानपत्रातली चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरलेली, भिंतीवर लावायची मोठी चित्रं पोलादी पत्र्यावर.

चौतीस वर्षं बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कोरीव कामावर होते. टपाल तिकिटं. घरी त्यातलं अक्षर कधी बोलले नाहीत. आत शपथ, बाहेर पडताना झडती. आई म्हणायची, "यांना विचारा, डब्यात आज भाजी काय होती. तेही गुपित!" आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी गुपितं तशीच.

आणि आज अचानक म्हणाले, "तू सांग बघू, काय दिसतं तुला?"

मी म्हटलं, माणसं. टेबल. पडदे.

"असं नाही गं. डाव्या कोपऱ्यापासून ये. कोण बसलंय? कोण उभं आहे? उजेड कुठून येतोय? बुटाला चमक आहे का?"

सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. तासभर! एका खुर्चीखाली झोपलेलं कुत्रं मला तेव्हाच दिसलं. त्याशिवाय दिसलंच नसतं.

शेहेचाळीस वर्षांची झाले. बाबांनी मला त्यांच्या कामातलं काही शिकवण्याची ही पहिली वेळ.

१६ जानेवारी, शुक्रवार

नुपूर जेवताना: "ममा, आजोबा नेव्हर लुक्स अॅट मी. ही लुक्स अॅट माय इअर!"

आम्ही सगळे हसलो. बाबाही. "तुझा कान सुंदर आहे," म्हणाले. "कान कोरणं सगळ्यात अवघड."

चौदा वर्षांची ही पोरगी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. आजोबा नाशिकच्या मराठीत बोलतात, ही शाळेच्या इंग्रजीत, आणि दोघांचं काही अडत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

व्हायचं ते झालं.

बाबा खालच्या बकाल्यातून, किराणा दुकानातून, दही आणायला गेले. अर्धा तास झाला तरी आले नाहीत. मी चप्पल घालतेय तोच तिसऱ्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीचा फोन. "आपके पिताजी हमारे दरवाज़े पे हैं. चाबी लगा रहे हैं."

धावत खाली गेले. बाबा तिच्या दाराशी, हातात आमची किल्ली, घाम फुटलेला. आम्ही चौथ्यावर. विजयालक्ष्मी समोर उभी, रोज भेटते ती, पण बाबा तिच्याकडे परक्यासारखे बघत होते. ती "अंकल, मैं विजया" म्हणाली तेव्हा कुठे चेहरा सैल झाला. "हां हां, विजया!"

पायांकडे लक्ष गेलं. एक चप्पल त्यांची, एक श्यामची.

श्याम आल्यावर सांगावंच लागलं. त्याने आपली चप्पल दाराशी जुळवून ठेवली. मग हळूच म्हणाला, "शैला, माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. मजला विसरणं, माणसं विसरणं. मेमरीसाठी दाखवून घेऊ या."

म्हटलं, तारखा, पाढे, सगळं पाठ आहे त्यांचं.

"जुनं सगळं राहतं. जातं ते आजचं."

मग वरुणचा फोन, पुण्याहून. श्यामने आधीच कळवलं होतं. "ताई, आता नाशिकरोडला एकटं ठेवणं शक्य नाही. इकडे बाणेरला ज्येष्ठांसाठी चांगली जागा आहे. नर्स असते, बाग आहे." म्हटलं, बाबांना बाग कधी आवडली होती रे? वरुण वाईट नाही. घाबरलाय. मीही.

निर्णय माझ्यावर टाकलाय. "तू त्यांच्याजवळ आहेस, तू बघ आणि सांग." म्हणजे बाबा त्यांच्या घरी परत जाणार की नाही, हे मी ठरवायचं.

२१ जानेवारी, बुधवार

"तेरा फेब्रुवारीचं तिकीट आहे माझं." बाबा आज तीनदा म्हणाले.

एकच गोष्ट परत परत बोलणं. लक्षणांच्या यादीत तेही होतं. मी यादी वाचली इंटरनेटवर. वाचायला नको होती.

२५ जानेवारी, रविवार

चित्र क्रमांक तेवीस. अबू हमदचं सगळ्यात लाडकं: 'राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळासह'. मोठं पोलादी काम. मधोमध दाढीवाले उभे, एक हात टेबलावर, दुसऱ्यात कागदाची गुंडाळी, भोवती सात मंत्री. त्याची जादा प्रत समोर होती.

बाबांनी अंगठा फिरवला. आताशा मी अडवत नाही. टेबल, कोट, छाती, वर मान. तिथे थांबले. परत खाली. परत वर.

"हे डोकं या माणसाचं नाही."

"काय बाबा?"

"डोकं दुसऱ्याचं आहे. कोट म्हातारा आहे गं. डोकं तरुण आहे."

मी चित्र उजेडात धरलं, भिंगातून बघितलं. एक माणूस, त्याचं डोकं, त्याचा कोट. बास!

"बरं बाबा," म्हटलं. लहान मुलाला म्हणतात तसं. त्यांना ते कळलं. उठून खोलीत गेले.

श्यामने ४ फेब्रुवारीची अपॉइंटमेंट घेतली.

२६ जानेवारी, सोमवार

अपॉइंटमेंटचं बाबांना सांगितलं. "मी कुठल्याही डॉक्टरकडे येणार नाही." आवाज चढलेला. लहानपणीसुद्धा कधी ऐकला नव्हता असा. "फार तर चष्म्याचा नंबर बदलला असेल. तो नाशिकला गेल्यावर बघू. माझा डॉक्टर तिथे आहे."

संध्याकाळी मी पोळी भाजत होते तर बाबा मागे येऊन उभे राहिले. "शैलू, मी वेडा झालेलो नाही."

मागे वळायला हवं होतं मी. पोळी करपू दिली असती तर काय बिघडलं असतं?

२८ जानेवारी, बुधवार

आज मीच चित्र घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, समजावून सांगा. कोट म्हातारा म्हणजे?

खूश झाले. ताठ बसून सांगायला लागले, जणू प्रेसमध्ये नवा शिकाऊ आलाय.

"असा पत्रा कोरायला वर्ष लागतं, दीड वर्ष लागतं. पुढारी किती टिकतो? चार वर्षं! निवडणूक हरला की चित्र कोण घेणार? मग छापणारा काय करतो, तोच पत्रा काढतो. जुनं डोकं घासून टाकायचं, मागून हातोडीनं ठोकून जागा वर आणायची, तिथे नवं डोकं कोरायचं. धड तेच, खुर्ची तीच. कधी कधी मंत्रीसुद्धा तेच."

"आणि लोकांना कळत नाही?"

"लोक तोंड बघतात." अंगठा कोटावर ठेवला. "पण पत्रा झिजतो ना. हजारो प्रती काढल्या की रेघा उथळ होतात, शाई कागदावर उभी राहत नाही. हा कोट झिजलेला आहे, बसलाय. डोक्यावर शाई कशी खडी आहे बघ."

मला काही दिसत नव्हतं. पण बोलण्यात धागा कुठे तुटत नव्हता. हरवलेला माणूस असा बोलतो?

"सिद्ध कसं करायचं, बाबा?"

"हात बघ. डोकं बदलतात, हात कुणी बदलत नाही. हाताकडे बघतंय कोण! तू सांग, काय काय दिसतं हातात?"

सांगितलं. गुंडाळी धरलेला डावा हात. करंगळी जरा लांब ठेवलेली. अंगठी मधल्या बोटात. कफाला दोन बटणं, एक अर्धं झाकलेलं.

"हा हात शोध," म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी तो असणार."

१ फेब्रुवारी, रविवार

सापडला!!

अबू हमदच्या मागच्या खोलीत न लावलेल्या चित्रांची खोकी आहेत, अकरा. अफशां वैतागली होती. "गुरुवार को कैटलॉग प्रेस में जाना है, यल्ला शैलजा, ये क्या नया लफड़ा है?" तिला म्हटलं, दोन तास दे.

तोंडं बघितलीच नाहीत. फक्त हात. शंभरावर हात बघितले असतील. घड्याळाची साखळी धरलेले, पुस्तकावर ठेवलेले, कोटात खुपसलेले. नवव्या खोक्यात मधल्या बोटात अंगठी. करंगळी लांब. अर्धं बटण.

वर बघितलं तर कल्लेवाले! कुणीतरी तिसरेच, बारा वर्षं आधीचे. तेच टेबल, तेच पडदे, तेच सात मंत्री. खाली नावं तेवढी वेगळी.

दोन्ही शेजारी ठेवली. अफशां भिंतीला टेकून खाली बसली. "अल्लाह. अब उनको कौन बताएगा?"

मी सांगितलं. सगळ्यात लाडकं चित्र त्यांचं, त्याला डोकं उसनं निघालं. अबू हमद दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले. मग हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इंग्रजीत म्हणाले, "चाळीस वर्षं मी याच्या डोळ्यांतलं तेज पाहुण्यांना दाखवत होतो!" मग म्हणाले, खलास, दोन्ही शेजारी शेजारी लावा. आणि हे ओळखलं कुणी?

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. असं म्हणताना आवाज किती मोठा निघाला माझा!

२ फेब्रुवारी, सोमवार

बाबांना कालच सांगितलं. फक्त मान हलवली. "असणारच," म्हणाले. पण रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आज सकाळी अपॉइंटमेंट रद्द केली. श्यामला म्हटलं, दीडशे वर्षांपूर्वीची लबाडी जो माणूस टेबलाशी बसून पकडतो, त्याची मेमरी तुमच्या डॉक्टरपेक्षा बरी आहे. श्याम मनापासून म्हणाला, "चुकलं माझं." बाबांच्या खोलीत जाऊन त्यांनाही म्हणाला. बाबा: "जावईबापू, तुमची चप्पल पण चांगली होती. म्हणून घातली." हसून हसून पुरेवाट!

वरुणला कळवलं: बाबा घरी जाणार. तेराचं तिकीट कायम. तोही सुटल्यासारखा वाटला.

दुपारी बाबा स्वतःहून बोलले. म्हणाले, एका राष्ट्रपतींच्या तिकिटावरचा कान त्यांनी कोरलाय. फक्त कान. चेहरा साहेबांनी केला.

"कुठले राष्ट्रपती?"

"ते नाही सांगायचं."

"बाबा! किती वर्षं झाली!"

"शपथ आहे." आणि मिश्कील हसले. नुपूरच्या कानाकडे बघत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तेवीसच्या ओळी लिहिल्या. एकसष्टांत याच बऱ्या उतरल्यात. शेवटी एक वाक्य जोडलं: बदललेलं डोकं ओळखलं, हेमचंद्र गायधनी, कोरीव कारागीर, नाशिकरोड. अबू हमद म्हणाले, ठळक टाइपात घ्या.

चौतीस वर्षं. बाबांच्या रेघा किती पाकिटांवरून किती गावांना गेल्या असतील. नाव कुठेही नाही. कोरणाऱ्याचं नसतंच.

बाबांना सांगितलं नाही. छापून आल्यावर देईन.

८ फेब्रुवारी, रविवार

बॅग भरायला घेतली. बाबांना खजूर, वरुणला खजूर, शेजारच्या जोशीकाकूंना खजूर. विमानात दुसरं काही मावणार नाही!

रोज दुपारी एक चित्र चालूच आहे. फाइल संपली तर म्हणाले, "परत पहिल्यापासून घे." आज मेजवानीचं. "तू सांग." मी सांगते, ते डोळे मिटतात. झुंबरं, पंखे, लांब रांग, एका बाईचा झगा कुणाच्या तरी बुटाखाली अडकलाय. "तिचं तोंड कसं झालंय?" विचारलं. कसं झालंय ते सांगितलं. किती हसले.

हे असं आधी का नाही झालं? मी दहा वर्षांची असताना? पण झालं. ते माझ्याकडे राहील. लिहिताना आता मी डाव्या कोपऱ्यापासून येते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कॅटलॉग आला. नावाचं पान उघडून बाबांच्या हातात दिला आणि त्यांचा चहा आणायला आत गेले. आले तेव्हा ते पानावर वाकून होते. अंगठा वरून खाली, परत वर. गुळगुळीत कागद, त्यावर शाई उभी राहत नाही. "छान आलंय," म्हणाले. "नाव चांगलं ठळक घेतलंय गं. श्याम म्हणाला होता."

हातात धरलेलं पान कोरं होतं. मिटून परत उघडताना पुस्तक उलटं झालेलं. शेवटचं, काहीच न छापलेलं पान.

चहा. किल्ली. विजयालक्ष्मी. नुपूरचा कान. ती सगळी दुपार-दुपार चाललेली चित्रं. मला वाटलं, मला बघायला शिकवतायत.

तिकीट उद्याचं आहे. बॅग दाराशी उभी आहे.

कप खाली ठेवला. शेजारी बसले. पुस्तक त्यांच्या हातातच राहू दिलं. म्हटलं, "बाबा, आज तुम्ही सांगा. काय दिसतं तुम्हाला?"

अंगठा थांबला. पान कोरंच, आणि त्यांचे डोळे माझ्या कानावर.

"शैलू," म्हणाले, "तू सांग."